अकरा महिन्यांचे गाव

कचेऱ्यांच्या जगात ‘अकरा महिने’ ही कालगणनेची एक स्वतंत्र पद्धती आहे. पंचांगात तिला आधार नाही. वर्षाला एक महिना कमी पडला की माणूस कायम होत नाही, एवढाच तिचा अर्थ. गेल्या बारा वर्षांत आम्ही उभयतांनी ह्या पद्धतीने पाच गावी बिऱ्हाड थाटले आणि आवरले. ह्यांचे काम जमिनीच्या व पाण्याच्या मोजणीचे; जिथे कालवा, बंधारा किंवा रस्ता निघेल तिथे जायचे. माझे शिक्षण इतिहासाचे. मोडी वाचता येते, आणि ह्या विद्येला बाजारात काय मोल आहे ते श्रोत्यांना मी सांगायला नको. त्यामुळे ह्यांना जिथे नेमणूक मिळे तिथे मी मागून जात असे आणि एखाद्या शाळेत बदलीवर शिकवीत असे. नांदेड, हुबळी, विजापूर अशी गावे झाली. विजापुराहून मार्च २०२२ मध्ये आम्ही तंजावरला आलो.

तंजावर म्हटले की महाराष्ट्रात दोन गोष्टी आठवतात, एक मोठे देऊळ आणि दुसरे मराठ्यांचे राज्य. त्या राज्याच्या आरंभाकडे मी पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे हे आदिलशाहीचे सरदार. तंजावरच्या नायकांच्या वारसाला गादीवर बसवून द्यावे, अशा कामगिरीवर ते विजापूरकरांच्या वतीने इकडे आले. काम ठरावीक होते, करून परत जायचे होते. परंतु १६७६ च्या सुमारास ते स्वतःच त्या गादीवर बसले, आणि त्यांच्या वंशाकडे ती १८५५ पर्यंत राहिली. आमच्या घरमालकीण आजींना मी पहिल्याच आठवड्यात विचारले की तुमचे पूर्वज इकडे कसे आले? आजींचे घर पश्चिमेच्या रस्त्यावर, ज्याला तिकडे मेल वीदी म्हणतात, त्याच्या एका बोळात आहे. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. हिशेब आणि देवाची गाणी त्या तमिळ लिपीत लिहून ठेवतात. तमिळ हेल काढीत त्या शांतपणे म्हणाल्या, “कामाला आले होते. काम अजून संपले नाही.”

ह्यांचा करार जानेवारी २०२३ अखेर संपला आणि पुढे वाढला नाही. गंमत अशी की त्याच्या आधी जेमतेम दोन महिने, डिसेंबरात, मला माझ्या विद्येचे पहिले खरे काम मिळाले होते. तंजावरच्या दरबाराचा कारभार मराठीत आणि मोडीत चाले. त्या कागदांची यादी करण्याचे हे काम. तेही अर्थात अकरा महिन्यांचे. बारा वर्षांत प्रथमच असे झाले की सकाळी डबा घेऊन मी बाहेर पडत होते आणि हे घरी होते.

रिकामा पुरुष घरात कसा वावरतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन नको. ह्यांनी चिडचिड केली असती तर बरे झाले असते. त्यांनी भांडी घासली, पाणी भरले, दिव्याच्या वायरी दुरुस्त केल्या, आणि मग ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहू लागले. जेवताना वाढलेले खात. काय वाढले ते विचारले तर सांगता येत नसे. शुक्रवारी रात्री मी म्हणाले, “उद्या मला सुट्टी आहे. कुठे तरी न्या.” “कुठे?” “ते तुम्ही ठरवा. इकडचे कालवे तुम्हांला ठाऊक.” गावातून घेतलेली एक जुनी स्कूटर दारात होती. नियम दोनच केले. पेट्रोलाखेरीज खर्च नाही, आणि रात्री घरी परतायचे. लिंबूभात आणि दहीभात केळीच्या पानात बांधायचा, ते पान वर्तमानपत्रात गुंडाळायचे, झाली तयारी.

पहिल्या शनिवारी आम्ही मन्नारगुडीच्या रस्त्यावर वडुवूरला गेलो. पंचवीसेक किलोमीटर. शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले हे जुने तळे आहे. १९९९ मध्ये ते पक्ष्यांसाठी राखले गेले. फेब्रुवारीत अजून पाणी होते आणि पाण्यावर रंगीत करकोचे, चमचे आणि उत्तरेकडून आलेली बदके होती. बांधावर उभे राहून मी पक्षी मोजीत होते, तर हे तळ्याचा सांडवा पाहत होते. “हे पाणी कावेरीचे आहे,” एवढे एकच वाक्य त्या दिवशी ते बोलले. पण ते वाक्य मनात घोळत असावे, कारण पुढच्या शनिवारी न विचारताच त्यांनी स्कूटर कल्लणैच्या वाटेला लावली.

कल्लणै म्हणजे दगडी बांध. करिकाल चोळ राजाने तो बांधला असे परंपरा सांगते, आणि विद्वान त्याचा काळ सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास धरतात. तंजावरहून स्कूटरवर दीड तास लागतो. मी तिथे देऊळ पाहायला जावे तशी गेले होते. माझ्यापुढे एक लांबट, बुटका, जरासा वळणदार बांध होता, वर इंग्रजांच्या काळातला पूल आणि दरवाजे. खरे सांगायचे तर माझी निराशा झाली. हे मात्र स्कूटर उभी करण्यापूर्वीच बोलू लागले.

श्रीरंगमच्या वर कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोळ्ळिडम, दक्षिणेचा तो कावेरीच. बेटाच्या खालच्या टोकाला हे दोन्ही पुन्हा अगदी जवळ येतात. कोळ्ळिडमचा तळ खोल आणि उतार जास्त, म्हणून पाण्याचा स्वभाव त्याच्याकडे धावण्याचा; आणि ते तसे धावले तर सरळ समुद्रात जाईल, मग तंजावरची भातशेती उरणार नाही. तेवढ्या एका जागी पाण्याला अडवून दक्षिणेकडे वळवणे, हे कल्लणैचे काम. “आणि पाया बघ,” हे म्हणाले, “खाली खडक नाही, वाळू आहे. मोठमोठे दगड वाळूत आपल्या वजनाने रुतू द्यायचे, त्यांवर आणखी दगड, मध्ये चिकणमाती.” एकोणिसाव्या शतकात ऑर्थर कॉटन हा इंग्रज अभियंता इथे आला, त्याने १८३६ मध्ये वरच्या बाजूला कोळ्ळिडमवर दुसरा बांध घातला, वाळूवर पाया कसा घालावा हे आपण इथल्या जुन्या बांधकामावरून शिकलो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. आज इथून कावेरी, वेण्णारु, कोळ्ळिडम आणि १९३४ मध्ये मेट्टूर धरणाबरोबर पुरा झालेला मोठा कालवा अशा चार वाटांनी पाणी सुटते. ह्या कालव्याला लोक पुदु आरु, म्हणजे नवी नदी, म्हणतात. तो तंजावर शहरातून, मोठ्या देवळाजवळून जातो. आम्ही रोज त्याच्या पुलावरून भाजी आणायला जात होतो, आणि तो कुठून येतो हे मी एका वर्षात विचारले नव्हते.

ते तासभर बोलत होते. वाळूवर काडीने नकाशे काढले. शेजारी मासे विकणाऱ्या बाया थांबून ऐकू लागल्या. त्यांना मराठी कळत नव्हते, पण नकाशा कळत होता, कारण एकीने वाकून एक रेघ पुसली आणि दुसरीकडे काढली. ह्यांनी तिच्याकडे पाहिले आणि मान डोलावली. मला वाटते, त्या दोन महिन्यांत ते प्रथमच हसले.

मग शनिवार लागू लागले. दारासुरम झाले, गंगैकोंडचोळपुरम झाले. त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालणार नाही. एप्रिलात मनोऱ्याला गेलो तो प्रवास मात्र सांगते.

दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास तंजावरच्या दक्षिणेस समुद्रकाठी एक मनोरा उभारला. साठ-पासष्ट किलोमीटरची वाट. इंग्रजांचा जय आणि बोनापार्टचा पाडाव ह्यांचे स्मारक म्हणून तो उभारला, असे तिथला शिलालेख सांगतो. पॅरिस कुठे आणि हे कोळ्यांचे गाव कुठे! स्वतःचे राज्य १७९९ मध्ये कंपनीच्या हाती गेलेले, सत्ता उरली ती किल्ल्यापुरती, आणि हा राजा कंपनीच्या विजयाचा मनोरा बांधतो, ह्याचा मला रागच येत असे. परंतु वाटेत ओरत्तनाडला आमच्या स्कूटरचे चाक बसले. दुरुस्तीवाला जेवायला गेला होता. सावलीसाठी आम्ही जवळच्या जुन्या छत्राच्या पायऱ्यांवर बसलो. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. हे सरफोजीराजांनीच आपली प्रिय सहचरी मुक्ताम्बा हिच्या नावाने १८०२ च्या सुमारास उभारलेले. रामेश्वराच्या यात्रेच्या वाटांवर तंजावरच्या राजघराण्याने अशी पुष्कळ छत्रे बांधली. ती आपल्याच देखरेखीखाली राहावीत म्हणून १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते, आजारी पडला तर वैद्य असतो, आई-बाप वाटेत मेले तर पोरक्या मुलांना तिथेच वाढवतात आणि शिकवतात, असा त्यात तपशील आहे. राज्य गेलेला माणूस काय मागतो, तर वाटेवरच्या लोकांना भात वाढण्याचा हक्क. दुपारच्या दोन वाजता, फुटक्या चाकाजवळ, केळीच्या पानातला दहीभात खाताना माझा त्यांच्यावरचा राग बराचसा गेला. आम्हीही वाटेवरचेच लोक होतो.

मनोऱ्याला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सहा कोनांचा, चढत गेलेला, एखाद्या चिनी चित्रातल्यासारखा तो दिसतो. समोर पाल्कच्या सामुद्रधुनीचे उथळ पाणी, लाट जवळजवळ नाहीच. ह्या पाण्याखाली गवताची कुरणे आहेत आणि त्यांत चरणारी आवुळिया, म्हणजे समुद्रगाय, आता फार थोडी उरली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्यासाठी इथला चारशे अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटर समुद्र राखीव झाला. आम्हांला ती दिसली नाही. कोळ्याचा एक मुलगा म्हणाला, त्यालाही दिसलेली नाही, पण आजोबांनी पाहिली आहे. परतताना रात्रीचे अकरा वाजले. ह्यांच्या पाठीला डोके टेकून मी झोप काढली. स्कूटरवर झोपू नये, हे मला ठाऊक आहे.

मे महिन्यात मी कचेरीतून एक जागा शोधून आणली. तिरुमळपाडी. आपल्या जुन्या लेखकांनी तिला तिरुमळवाडी म्हटले आहे. तंजावरहून उत्तरेला तिरुवैयारु, म्हणजे त्यागराजांचे गाव, तिथून पुढे कोळ्ळिडमचा पूल ओलांडायचा आणि काठाने पश्चिमेला वळायचे. उत्तर तीरावर शंकराचे प्राचीन देऊळ आहे. जुलै १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराजांचा तळ ह्या बाजूला पडला होता. एकोजी नदी ओलांडून भेटीला आले. आठवडाभर भाऊ एकत्र राहिले, जेवले-खाल्ले. मग वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीचा विषय निघाला. आणि एका रात्री एकोजी कोणाला न सांगता, निरोप न घेता, तराफ्यावरून नदी उतरून तंजावरला निघून गेले.

मे महिन्यात कोळ्ळिडम म्हणजे वाळूचे मैदान. समोरचा काठ उन्हात थरथरत होता, मधून घोट्याइतक्या पाण्याचे एक-दोन ओहोळ. आम्ही देवळात जाऊन आलो आणि काठावरच्या ताडांच्या अर्धवट सावलीत बसलो. एका बाईकडून ताडगोळे घेतले. मी माझ्या उत्साहात सांगत होते की थोरल्या भावाला ह्या गोष्टीचे फार वाईट वाटले. मी काय ह्याला कैद करणार होतो, असा त्यांचा सूर बखरीत आहे. पुढे लढाई झाली, तहही झाला. आणि नंतर एकोजी उदास झाले, राज्याकडे, खाण्यापिण्याकडे, कपड्यांकडेही लक्ष देईनात, हे कानी आल्यावर महाराजांनी त्यांना पत्र लिहिले. रागाचे नव्हे, थोरल्या भावाचे पत्र. हे वय हात जोडून बसण्याचे नाही, उठा, काही करून दाखवा, असा त्याचा आशय.

ह्यांनी हातातला ताडगोळा खाली ठेवला. “रात्रीच का गेला असेल?” त्यांनी विचारले.

“भीती वाटली असेल.”

“भीती नव्हे. समोर बसून सांगवत नाही अशी गोष्ट असेल.”

मग ते उठले, स्कूटरची डिकी उघडून त्यांनी एक पाकीट आणले. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी, तटबंधाच्या मोजणीवर नेमणूक. मुदत अकरा महिने. रुजू होण्याची तारीख जुलैची. पत्रावरची तारीख पाहिली तर तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे ते पाकीट गेल्या तीन शनिवारी आमच्याबरोबर हिंडत होते.

मी विचारले, “उत्तर दिले?”

“नाही. नको म्हणून कळवणार होतो.”

“का?”

“तुला सांगितले असते तर तू दुसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतले असतेस. आजवर घेतलेस तसे. हे काम तुझे आहे. ते मोडायचे नाही.”

श्रोत्यांना वाटेल की मला गहिवरून आले असेल. मला संताप आला. बारा वर्षे मी सामान बांधले ते माझ्या मनाने बांधले, आणि ह्या वेळी बांधायचे की नाही हेही मीच ठरवले असते. मला न विचारता माझ्यासाठी केलेला त्याग म्हणजे रात्री तराफ्यावर बसून नदी उतरण्यासारखेच होते, असे मी जरा मोठ्यानेच म्हणाले. ताडगोळेवाली आमच्याकडे पाहू लागली. त्यानंतर बराच वेळ आम्ही बोललो नाही. ऊन कलले तेव्हा हे म्हणाले, “आपण पलीकडपर्यंत चालत जाऊ या का?” चपला हातात घेऊन आम्ही वाळूतून निघालो. पात्र इतके रुंद असेल असे वाटले नव्हते. वाळू अजून तापलेली होती, ओहोळ आला की दोघेही पाण्यात उभे राहत होतो. मध्यभागी मी म्हणाले, तुम्ही जा. मी ऑक्टोबर अखेरपर्यंत इथे राहीन, काम पुरे करीन, मग येईन. इतक्या वर्षांत आम्ही वेगळे असे राहिलो नव्हतो. त्यांनी विचारले, “एकटी राहशील?” मी म्हटले, “आजी आहेत.” पलीकडच्या काठाला हात लावून आम्ही परत फिरलो, कारण स्कूटर अलीकडे होती.

एकोजींच्या पत्नी दीपाबाई ह्यांच्याविषयी मला नेहमी कुतूहल वाटते. घराण्यातला तंटा मिटावा म्हणून त्यांनी नवऱ्याला समजावले, असे बखरकार सांगतात; आणि तहात बंगळूर, होसकोट व शिळेकोट हा मुलूख त्यांच्या चोळीबांगडीसाठी दिला गेला. त्यांनी नवऱ्याला काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, ते कोणत्याच कागदात नाही. मी शोधले आहे.

जूनमध्ये आम्ही पाणी पाहिले. मेट्टूरचे धरण १२ जूनला उघडण्याची वहिवाट आहे, साठा असेल तर. २०२३ मध्ये ते त्याच दिवशी उघडले आणि १६ तारखेला कल्लणैचे दरवाजे वर गेले. लोकांनी पाण्यावर फुले आणि भाताचे दाणे टाकले. पुढच्या शनिवारी आम्ही कुठेच गेलो नाही. पुदु आरुच्या पुलावर उभे राहिलो. कोरड्या तळावरून पाणी आले ते गढूळ, फेसाळ, पुढे काटक्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या ढकलीत. ह्यांनी घड्याळात पाहून वेग काढला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना स्टेशनवर पोहोचवून आले.

आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, ३ ऑगस्टला, आजी मला नदीवर घेऊन गेल्या. बायका काठावर दिवे लावतात, हळदीचा दोरा बांधतात, चित्रान्न करून नेतात. आजींनी माझ्याही मनगटाला दोरा बांधला आणि तिकडे ब्रह्मपुत्रेला पूर असतो का, असे विचारले. असतो, मी म्हणाले.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. ऑगस्टनंतर कालव्याचे पाणी पायरीपायरीने उतरत गेले, कुरुवैचे पीक कित्येक ठिकाणी करपले, आणि एरवी जानेवारीच्या अखेरीस बंद होणारे धरण १० ऑक्टोबरलाच बंद झाले. मी शनिवारी बसने जाऊन कालव्याच्या काठाने चालत असे आणि रात्री फोनवर पाण्याची पातळी सांगत असे. ते तिकडची सांगत. आमचे संभाषण ऐकणाऱ्याला दोन पाटकरी बोलत आहेत असे वाटले असते.

माझी यादी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुरी झाली. स्कूटर विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने विचारले, गाडी ह्या वर्षात किती चालली? मीटर तर केव्हाच बंद पडलेला होता. डिकीत हात घातला तर ते पाकीट सापडले, रिकामे, आणि त्याच्या पाठीवर ह्यांच्या बारीक अक्षरात गावांची नावे आणि पुढे किलोमीटर मांडलेले. वडुवूर, कल्लणै, दारासुरम, मनोरा, अशी ओळीने. खाली बेरीज केलेली होती. तो आकडा मी त्या गृहस्थांना वाचून दाखवला आणि पाकीट ठेवून घेतले.